ताईचा लसूण

शुक्रवार, मार्चचा पहिला आठवडा. संध्याकाळ.

राग अजून उतरलेला नाही. दुपारी पापनाशम गावाहून घरी आले, गच्चीवर गेले, तर लसणाच्या कुंड्या रिकाम्या. यांनी सगळा उपटून वन्संना देऊन टाकला. त्या जेवायला आल्या होत्या म्हणे.

"पानं पिवळी पडली होती. पूंडू तयार झाला की काढायचाच," हे म्हणाले. लसणाला हे तमिळमधलं पूंडूच म्हणतात.

पिवळी किती? खालची दोन. वरची पाच हिरवीगार होती, काल सकाळीच मोजली होती मी. निम्मी पानं वाळेपर्यंत थांबायचं, हे यांना किती वेळा सांगितलं? तीस वर्षं मी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि घरात मला साधं विचारायचंही नाही?

माझ्या ताईने शेवटच्या आजारपणाआधी कोडाईकनालहून आणून दिलेल्या पाकळ्या होत्या त्या. यंदाच्या गड्ड्यांतून पुढच्या वर्षासाठी बी ठेवणार होते.

स्वयंपाकघरात एक गड्डा उरला होता. तो यांच्यासमोरच आडवा कापला. आत पाकळ्या धरल्याच नव्हत्या, कोवळ्या कांद्यासारखा नुसता पांढरा गोळा. पाच हिरवी पानं असताना दुसरं काय निघणार?

हे म्हणाले, "एवढं काय त्यात? बाजारातून चांगला आणू."

म्हणजे तो लसूण कुणी दिला होता, हे यांना आठवतसुद्धा नाही. मी सांगितलंही नाही. यांनीच आठवावं.