उंबऱ्यावरची देवेरा

शुक्र., ६ फेब्रु. १९८१

आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हस्तलिखितासाठी दिलेला लेख परत. 'रोमन देवी व त्यांची कामे'. अध्यक्ष डॉक्टरांचा शेरा पेन्सिलीत: 'देवी फार झाल्या. मुख्य सहा ठेवाव्यात. तशाही सगळ्या ग्रीकांच्याच आहेत.' डॉक्टरांनी पोटं कापावीत, लेख कापू नयेत. ज्युनोला हेरा म्हणा, मिनर्व्हाला अथीना म्हणा, इथवर चालेल. पण पाळण्याची कुनिना, बाळाच्या हाडांची ओसिपागा, अंगावर पिणाऱ्या मुलाची रुमिना, या ग्रीकांकडे दाखवा. रोमन माणूस कामं वाटून द्यायचा. प्रत्येक कामाला एक देवी, आणि तिच्या कामात दुसरीने लुडबुड करायची नाही. सहा ठेवणार नाही. एकही ठेवणार नाही. लेख ट्रंकेत.

संध्याकाळी सतीश शोभाला सोडून गेला. बाळंतपण माहेरी, म्हणून पोरगी जहऱ्याहून मिरकाबला आली. मोटारीने जेमतेम अर्ध्या तासाचं माहेर. बरोबर सतीशच्या मातोश्री, म्हणजे आमच्या विहीणबाई. कराडहून व्हिजिट व्हिसावर आल्यात. मुक्काम जहऱ्याला, पण रोज इथे येणार म्हणे. आल्या आल्या सौ.च्या लाडवांत डिंक कमी पडल्याचं जाहीर केलं. लाडू तीन खाल्ले.

सोम., ९ फेब्रु.

मॅटर्निटीत तपासणी. मूल उलटं आहे, पाय खाली. डॉक्टरीण म्हणाली, थांबू, फिरलं तर फिरलं. शोभाचा चेहरा उतरला. मागच्या वर्षी सातव्या महिन्यात गेलं त्याबद्दल कोणी बोललं नाही. सगळ्यांच्या मनात तेच.

विहीणबाई भाजी निवडता निवडता: "पायाळू होणार. पायाळू माणूस विजेला जपावं लागतं. पण कमरेत लचक भरली तर त्याचीच लाथ लागते."

मी सांगितलं की रोमनांकडे जन्माची देवी कार्मेंटा, आणि तिच्या हाताखाली दोघी. प्रोर्सा डोक्याकडून येणाऱ्यांची, पोस्टव्हर्टा पायाकडून येणाऱ्यांची. तुमच्याकडे पायाळूला नुसता शब्द आहे, त्यांच्याकडे खास देवी आहे.

"मग ती काय करती?"

"लक्ष ठेवते."

"आमच्या गावची सुईण तेल लावून पोटावरनं फिरवायची. लक्ष ठेवत नव्हती बसत."

सौ. हसली. माझ्या घरात.

सोम., १६ फेब्रु.

मुलगी. पायाकडून. दोघी सुखरूप.

पहाटे नेलं. पुरुषांना आत सोडत नाहीत, तेव्हा मी आणि सतीश बाहेरच्या बाकावर. विहीणबाईही आमच्याजवळ, सौ. दाराशी. कार्मेंटाच्या देवळात चामडं चालत नाही, म्हणून पट्टा आणि बूट गाडीत ठेवून आलो होतो. लुसिनाला, म्हणजे बाळंतपणाच्या ज्युनोला, गाठ चालत नाही. दाराशी बसणाऱ्याने पायावर पाय टाकला तरी बाळ अडतं. सतीशला पाय सरळ ठेवायला सांगितले. त्याने ठेवले. मुलगा तसा ऐकणारा आहे.

मग माझं लक्ष विहीणबाईंच्या पदराकडे गेलं. टोकाला गाठ. आत नाणं. नवसाची.

"विहीणबाई, ती गाठ सोडा."

"का वो?"

कारण सांगितलं.

"नवस फिटल्याबिगर गाठ सुटत नसती, व्याही. तुमी आदी तुमची पँट सावरा."

पट्टा नसल्यामुळे. सतीश भिंतीकडे तोंड करून हसत होता. आतून शोभाचा आवाज यायचा, बंद व्हायचा. बंद झाला की जास्त वाईट.

नर्सने येऊन सांगितलं. विहीणबाईंनी सटवाईला हात जोडले, मी पोस्टव्हर्टाला. श्रेय कोणाचं यावर परतताना गाडीत वाद. सौ. म्हणाली, शोभाचं, आणि दोघे गप्प बसा.

बुध., १८ फेब्रु.

शोभा उद्या घरी येईल. शुक्रवारी पाचवी. विहीणबाईंनी घर ताब्यात घेतलंय. पाटा-वरवंटा, कोरा कागद, पेन. रात्री सटवाई येऊन कपाळावर काय लिहायचं ते लिहिते. माझं ड्रॉइंगचं पेन मागितलं. ते जर्मन आहे, कोणाच्या हातात देत नाही, देवीच्याही नाही. बॉलपेन दिलं.

मी म्हटलं, ठीक आहे, लिहिणाऱ्या देवीची तुम्ही सोय केलीत. राखणाऱ्यांची कोण करणार? बाळंतिणीच्या खोलीत रानातला सिल्व्हानस शिरू नये म्हणून रोमनांकडे तिघं उंबऱ्यावर असत. कुऱ्हाडीची इंटरसिडोना, मुसळाचा पिलुम्नस (तो तेवढा देव), केरसुणीची देवेरा. तीन पुरुष, तीन वस्तू. एकाने कुऱ्हाड मारायची, दुसऱ्याने मुसळ, तिसऱ्याने उंबरा झाडायचा.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग: "व्याही, राग नका मानू. तुमच्या देवी मेल्यात. त्येंला निवद दाखवायला माणूस ऱ्हायला न्हाई. मेलेल्याला आणि कशाला बोलवायचं बाळंतिणीच्या दारात?"

शोभाच्या सासूसमोर जे बोलता येत नाही ते इथे लिहितो. या बाईने आयुष्यात एक पुस्तक उघडलेलं नाही. मी शाळेत नववीपर्यंत गेलो, बाकी सगळं स्वतः मिळवलं, डिक्शनरी मांडीवर घेऊन. सोळा वर्षं नकाशे काढतो, रेघ चुकली तर पूर्ण शीट फाडतो. आणि मला मेलेल्याचं शिकवतात.

विधी होणार. पूर्ण होणार.

शुक्र., २० फेब्रु.

जे झालं ते क्रमाने.

अर्दियाच्या आमच्या गोदामातल्या सुताराकडून हातकुऱ्हाड आणली होती. मुसळ नाही, म्हणून खलबत्त्यातला बत्ता. झाडू प्लॅस्टिकचा चालणार नव्हता, सूकमधून, इथल्या बाजारातून, खजुराच्या पातींची केरसुणी आणली. फ्लॅटला उंबरा म्हणजे संगमरवराची पट्टी, पण उंबरा तो उंबरा. कुऱ्हाड सतीशकडे. बत्ता शेजारच्या दाऊदभाईंकडे. हे दापोलीकडचे, बंदरावर क्लार्क, स्वभावाने गमत्या. म्हणाले, "काका, बत्ता दिलात ते बरं केलंत. कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिलो असतो तर आमची सकिना परत घरात घेणार नाही." केरसुणी माझ्याकडे.

मगरिबची अजान संपली आणि सुरू केलं. विहीणबाई खाली बकाल्यात, वाण्याच्या दुकानात गेल्या होत्या, पूजेचं नारळ-उदबत्ती राहिलं म्हणून. हे मला माहीत होतं. इतक्यात परत येतील हे माहीत नव्हतं.

सतीशने कुऱ्हाड टेकवली. दाऊदभाईंनी बत्ता. मी आतून बाहेर झाडायला लागलो, एकूण तीन फटके. एक. दुसऱ्याला जिन्यावर विहीणबाई. हातात ताट, त्यावर नारळ, हळद-कुंकू. धूळ त्यांच्या पावलांवर गेली, थोडी ताटात. त्या थांबल्या. मीही थांबलो. सतीश म्हणाला, "बाबा, राहू दे."

रोमनांचा नियम स्पष्ट आहे. मध्येच मोडलेला विधी म्हणजे न झालेला विधी. पहिल्यापासून करावा लागतो. तिसरा राहिला होता.

तिसरा मारला.

विहीणबाई ओरडल्या नाहीत. पदराने पाय पुसले. म्हणाल्या, "पाव्हण्याला झाडून काढायची रीत तुमच्या त्या देशातली का तुमच्या घरातली?" आणि ताट तिथेच पायरीवर ठेवून खाली उतरल्या. सतीशने कुऱ्हाड भिंतीला टेकवली, मागोमाग गेला. दाऊदभाई बत्ता कुठे ठेवू म्हणून विचारत राहिले.

पाचवी सौ.ने एकटीने पुजली. घरात नारळ नव्हता, पायरीवरचा आणला.

शनि., २१ फेब्रु.

शोभा गेली. सहाव्या दिवशी बाळंतीण घराबाहेर काढत नाहीत, सौ. हात जोडून सांगत होती. सतीश दारात उभा, आत आला नाही. शोभाने दुपट्यात बाळ गुंडाळलं, कान बांधले. मला विचारलं, "बाबा, तिसऱ्यांदा का?"

सांगितलं.

"तो तुमचा कोण तो राक्षस नव्हता दारात. माझी सासू होती."

"राक्षस नाही. सिल्व्हानस. रानातला देव."

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी गणित चुकलं की असंच बघायची, आधी वहीकडे, मग माझ्याकडे, आता ओरडणार म्हणून. मी ओरडलो नाही. तिनेच आईला म्हटलं, चल. सौ. तिच्याबरोबर गेली, बाळंतिणीचं करायला माणूस हवं म्हणून. मला म्हणाली, वरण कुकरमध्ये आहे.

घरातून निघणाऱ्या मुलाची अबिओना. परतणाऱ्याची अदिओना. रोमनांनी ही दोन कामं एकीकडे दिली नाहीत. आज एकीचं झालं.

सोम., २३ फेब्रु.

मुलीचा आठवा दिवस. रोमनांकडे आज नाव ठेवलं असतं, देवी नुंदिना. आपल्याकडे बारावा. शुक्रवारी बारसं, जहऱ्याला. मला सांगितलेलं नाही, दाऊदभाईंकडून कळलं. त्यांच्या बायकोला सौ.चा फोन आला होता.

दाऊदभाई संध्याकाळी चहाला बसले. "काका, एक शब्द बोलून टाका. चुकलं म्हणा. मोकळे व्हा."

"विधीत चूक नव्हती."

"विधीचं कोण बोलतोय?"

"मग कशाची माफी?"

ते चहा प्यायले. जाताना म्हणाले, "तुमची केरसुणी आमच्या दारासमोर पडून होती दोन दिवस. सकिनाने उचलून आत घेतली. तिला वाटलं, आता झाडायची पाळी आमच्यावर आहे की काय." हसायला म्हणून बोलले. मला हसू आलं नाही.

मंग., २४ फेब्रु.

आजोळचा पाळणा द्यायची रीत. कुणी आठवण करायची गरज नाही. ड्रॉइंग मी जानेवारीतच काढलं होतं, अर्दियाचा सुतार ते बनवत होता. आज बघायला गेलो. कठडा एक बोट कमी. पुन्हा करायला लावला. तो पंजाबी मिस्त्री म्हणतो, "साब, बच्चा नापेगा क्या?" मी मापेन.

बुध., २५ फेब्रु.

नॅशनल डे, सुट्टी. रस्त्यावर गाड्या हॉर्न वाजवत, झेंडे लावून. पाळणा गोदामाच्या पिकअपमधून जहऱ्याला पाठवला. मी गेलो नाही. ड्रायव्हर परतला, रिकामा. म्हणजे घेतला.

दुपारी सतीशचा फोन. "पाळणा छान झालाय, बाबा." मागे कोणीतरी भांडं आपटत होतं. मग: "आई म्हणते, पाळणा आजोळचा, तो ठेवला. आजोबांचं त्यांनी बघावं."

"म्हणजे काय बघावं?"

"तुम्हाला कळतंय, बाबा."

कळतंय. सगळ्यांसमोर मान खाली घालून यायचं. मंडळाच्या बायका असणार, डॉक्टरांची बायकोही, तीच आत्या म्हणून उभी राहणार, खरी आत्या साताऱ्याला. डॉक्टरही असतील. सहा देवी ठेवा म्हणणारे.

विचारलं, नाव काय ठेवताय. म्हणाला, ठरलं नाही. खोटं बोलायची सवय नाही त्याला, आवाजात कळतं.

गुरु., २६ फेब्रु.

ऑफिसात लक्ष नव्हतं. जिन्याच्या नकाशावर एक पायरी जास्त. फाडला.

घरी कोणी नाही. वरण परवाच संपलं. बेकरीची खुबूस रोटी आणि अंडी. सौ.ने फोन केला नाही. मी केला, उचलला विहीणबाईंनी. त्यांनी हॅलो म्हटलं, मी काही म्हटलं नाही. ठेवून दिला. कोण होतं हे त्यांना कळलं असणार.

शुक्र., २७ फेब्रु.

जहरा. सतीशच्या बिल्डिंगसमोर, गाडीत बसून लिहितो आहे. कशासाठी आलो हे मला कोणी विचारू नये.

इस्त्रीचा शर्ट घातला आहे. एक वाक्य ठरवून आलो होतो, येताना तीनदा बदललं. 'विधीचा क्रम माझ्या मते बरोबर होता, तरीपण.' तरीपणच्या पुढे जमत नाही.

वर दुसऱ्या मजल्यावर खिडक्या उघड्या. बायका पाळणा म्हणतायत. सौ.चा आवाज त्यात ओळखू येतो, ती नेहमी अर्धी ओळ पुढे असते. मग शांत. म्हणजे कानात नाव सांगत असणार. मग सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हटलं असेल, पण तेवढ्यात रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला. ऐकू आलं नाही.

शोभा गॅलरीत आली होती, बाळ खांद्यावर. गाडी ओळखली. हात केला नाही. आतही गेली नाही लगेच. बाळाचं तोंड माझ्या बाजूला फिरवलं की नुसतंच फिरलं, सांगता येत नाही. मग आत गेली.

थोड्या वेळाने विहीणबाई खाली आल्या. एकट्या. गाडीशी. मी काच खाली केली. उतरायला हवं होतं. उतरलो नाही.

"वर येणार असला तर पान मांडते. नसला तर तसं सांगा. बायका जेवायच्या थांबल्यात."

मी वाक्य सुरू केलं. "विधीचा क्रम..."

"त्ये मला नगं. मला समजायचं न्हाई आणि तुमाला सोडवायचं न्हाई."

मी विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"वर हाय ती. तिला इचारा."

गेल्या. वळून बघितलं नाही, जिन्याचं दार लावलंही नाही.

विधी बरोबर होता. हे मी उद्याही लिहीन, मरेपर्यंत लिहीन. पण तिसऱ्या वेळी हातात जोर जरा जास्त होता का, हे विधीत कुठेच...

बायका थांबल्यात. हे लिहून होईपर्यंत थांबतील असं नाही.