हौदातल्या गरम पाण्याबाबत

मी, भिकन उखडू बैसाणे, वय ७२, निवृत्त वायरमन, राहणार सोनगीर, ता. जि. धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात झाली. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व मागची मोकळी जागा मुलगा प्रशील यास द्यावी. मुलगी दीपमाला विचारेल, आईच्या मरणाला जो कारण झाला त्यालाच घर का. तिने आधी पुढचे सगळे वाचावे.

२. बँकेतली शिल्लक आणि तिच्या आईची, म्हणजे रुक्माबाईची पोत दीपमालाला. दोन्ही म्हशी शेजारच्या सुमनबाईला. त्या तिच्या हाकेला ओ देतात. हत्यारांची पेटी प्रशीलला. तो नको म्हणेल. तरी द्यावी.

३. जानेवारी २०१९ मध्ये आमच्याकडे अशी थंडी पडली की सकाळी गोठ्यातल्या हौदावर काचेसारखी पापडी धरू लागली. म्हशी तोंड लावून मागे सरत. दूध निम्म्यावर आले. रुक्मा म्हणाली, "संध्याकाळी हौद रिकामा करा, सकाळी बोअरचं पाणी भरा. ते कोमट असतं." तिचे बरोबर होते. पण सकाळी पंपाच्या लाईनला वीज नसायची, आणि मला माझी हुशारी दाखवायची होती. लोखंडी नळीत हीटरची कॉईल बसवून ती मी हौदात सोडली आणि गोठ्यातल्या दिव्याच्या लाईनवर जोडली. पाण्यात करंट उतरलाच तर वीज आपोआप तोडणारा ट्रिपरही बसवला. लोक बघायला आले. चुलतभाऊ बन्सीलालने माझ्याकडून तशीच नळी करून घेतली.

आठवड्याभराने आमचा ट्रिपर सारखा पडू लागला. नळीला चीर गेली होती. ते कळूनही मी नळी बाहेर काढली नाही. वायरचा एक तुकडा लावून ट्रिपरच बाद केला आणि प्रशीलला सांगितले, "खटका चालूच ठेव, मी आल्यावर बंद करतो." मग डेअरीवर दूध घालायला गेलो. रुक्मा बादली घेऊन हौदावर वाकली. मी परतलो तेव्हा म्हशी हौदापासून लांब, भिंतीला अंग घासून उभ्या होत्या.

लोक जमण्याआधी तो तुकडा काढून मी खिशात टाकला. जो विचारील त्याला म्हणालो, "पोराने खटका बंद केला नाही." रुक्माच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी दीपमालाने प्रशीलला आईच्या फोटोजवळ बसू दिले नाही. मी समोर होतो. महिन्याभरात तो दोंडाईचाला निघून गेला आणि सात वर्षांत या घरात आला नाही.

हे कलम दीपमालाने नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचावे. मग भावाला आणायला स्वतः जावे. त्याने यायला नकार दिला तर रागवू नये.

४. आमचा हौद फोडून टाकावा. मी तो इतकी वर्षे कोरडा ठेवला, फोडण्याचे धैर्य झाले नाही. सुमनबाईने थंडीत म्हशींना टपात पाणी द्यावे, टप पहिले ऊन पडते तिथे ठेवावा, संध्याकाळी त्यावर गोणपाट टाकावे. एवढ्याने भागते.

५. बन्सीलालची नळी आजही त्याच्या हौदात आहे. ट्रिपर त्याने पहिल्याच वर्षी काढून टाकला. गोठ्यातली वीज बाहेरच्या तारेवर आकडा टाकून घेतलेली, त्यामुळे मीटर नाही, खटकाही नाही. परवा त्याची सून मयुरी मला म्हणाली, "आबा, हौदमा हात घाला का बोटेस्ले मुंग्या येतस."

मी तसाच त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "नळी चांगली शे. खोट तुना पोऱ्यामा व्हती, तूच सांगेल शे." तेव्हा मी त्याला कलम तीनमधले सगळे तोंडी सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले. तो हसला. "आते पोऱ्याले वाचाडासाठे खोटं बोली ऱ्हायना तू," म्हणाला आणि म्हशींना पाणी दाखवायला उठला.

वीज कंपनीत आज अर्ज दिला आहे. माणूस येईपर्यंत मयुरी रोज त्या हौदावर वाकणार. म्हणून उद्या उजाडताच, ती गोठ्यात येण्याआधी, मी बांबूने तो आकडा काढणार आणि नळी बाहेर ओढणार आहे. चालू लाईनवर मी पुष्कळ कामे केली, पण तेव्हा हात कापत नव्हते. खाली दवाने भिजलेली जमीन असेल. हे सर्व समजून जात आहे.

६. मी परत आलो नाही, तर हा कागद उघडणाऱ्याने वाटणीचे मागाहून बघावे. आधी मयुरीला त्या हौदापासून लांब करावे. मला उचलण्याआधी वीज तोडावी. तोवर कोणालाही, प्रशील आला तर त्यालाही, मला हात लावू देऊ नये.

सर्व मजकूर मी पुन्हा वाचला, तो खरा आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले. मजकूर त्यांना दाखवला नाही. दाखवला असता तर त्यांनी मला घराबाहेर पडू दिले नसते.

सही : भिकन उखडू बैसाणे

साक्षीदार :
१. लीलाधर वामन चौधरी, निवृत्त शिक्षक
२. सुलक्षणा अशोक बागुल, अंगणवाडी सेविका

ठिकाण : सोनगीर
दिनांक : ९ जानेवारी २०२६