दुसऱ्या भावाची सही

अहो,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, माझ्यासाठी थांबू नका. ज्यांचं घर घेतोय त्या काकांच्या धाकट्या भावाकडे चाललेय, पुन्हा एकदा.

परवा कागद वाचताना लक्षात आलं, घर दोघा भावांच्या नावावर आहे आणि सही एकट्या काकांची. चार महिने आपण घरोघरी नळ सोडून पाहिले, भिंती ठोकून पाहिल्या, आणि नेमकं हेच बघायचं राहिलं. एजंटने पहिल्याच दिवशी विचारलं असतं. पण इथे घरांचे एजंट म्हणजे भाऊजीच, त्यांच्याकडेच जावं लागलं असतं, आणि तुमच्या भावाचं नाव तर या घरात काढायचं नाही.

काकांचा भाऊ म्हणतो, सही लगेच करतो, पण दादाने एकदा स्वतः फोन करावा. काका म्हणतात, सहा वर्षांत बोललो नाही, आता काय बोलू? दोघांचे निरोप पोचवून माझे पाय मोडून आलेत.

काल काकांना फाडकन बोलले, "सख्ख्या भावाला एक फोन करायला तुमचं काय जातं हो?" बोलून गेले आणि जिन्यातच बसले थोडा वेळ.

तुम्ही फाडलेलं भाऊजींचं कार्ड मी तेव्हाच चिकटवून ठेवलं होतं. फोनपाशी आहे. मी येईपर्यंत लावून बघा. घराचा विषय नाही काढलात तरी चालेल.