सोडून गेलेले अकरा

हॅमट्रॅमिक,
रविवार, २० मार्च १९७७

प्रिय झिगी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. नदीखालच्या बोगद्यातल्या बसने जिला अर्ध्या तासात सीमेपलीकडे तुझ्या दारात उभं राहता येतं, ती बहीण पत्र कशाला लिहील? म्हणून आधीच सांगून टाकते, इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो आहे आणि गुडघ्यापेक्षा जास्त ते स्वतः कुरकुरत आहेत, म्हणजे तब्येत उत्तम. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी नेहमीसारखी येणारच आहे. पण काही विषय काढले की तू उठून कॉफी करायला घेतोस आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहतोस. तुझ्या पाठीशी बोलायचा मला कंटाळा आला आहे. कागद बरा, तो उठून जात नाही.

जानेवारीत नव्या अध्यक्षांनी लष्कराचं बोलावणं नाकारून गेलेल्यांना माफी जाहीर केली त्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन धावत तुझ्याकडे आले होते. मला वाटलं, तू कोट चढवूनच बसला असशील. तर तू म्हणालास, माफी गुन्हेगाराला देतात, मी व्हिएतनामला जाऊन माणसं मारली नाहीत हा गुन्हा कधीपासून झाला? आणि मग, बरंच भांडून झाल्यावर, खिडकीकडे बघत म्हणालास, "बाबांनी स्वतः बोलावलं तर येईन. त्याआधी नदी ओलांडणार नाही." मी तेव्हा रडले ते तुझ्या हट्टामुळे नाही. बाबांना मी ओळखते, म्हणून रडले. ज्या माणसाने आठ वर्षांत तुझं नाव तोंडातून काढलं नाही, तो तुला बोलावणार म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणार. पुन्हा हा विषय काढणार नाही असं मी तुला वचन दिलं आणि ते मी पाळते आहे. हे पत्र फक्त आपल्या बेसबॉलच्या कार्डांबद्दल आहे.

पेल्काबाईंच्या दुकानात कार्डांची यंदाची पाकिटं आली. दार उघडलं की तोच वास, पाकिटातल्या च्युइंगगमचा आणि पिठीसाखरेचा. (आता दाताच्या डॉक्टरांकडे नोकरी करते म्हणून सांगते, त्या गमवर आमच्या डॉक्टरांचा दुसरा मजला चढला आहे.) तू गम माझ्या हातात कोंबायचास आणि पाकीट असं हळू उघडायचास, जणू आत चिमणीचं पिल्लू आहे. आपल्याला हवे असायचे फक्त टायगर्स, आपल्या इकडची टीम. बाकीच्या टीमा तुझ्या लेखी रद्दी. शाळेच्या कुंपणापाशी तू न्यूयॉर्कचा मोठा नावाजलेला खेळाडू देऊन टाकलास आणि बदल्यात आपला तिसऱ्या फळीतला कॅचर घेतलास, जो वर्षातून चारदा मैदानात उतरायचा. पोरं आठवडाभर तुला येडा म्हणत होती. तू मात्र घरी येऊन आईला ते कार्ड दाखवलंस आणि तिने पोलिशमध्ये देवाचे आभार मानले, कारण तिला वाटलं तुला बक्षीस मिळालं.

बाबा या सगळ्यात शिरले ते शिस्त लावायच्या निमित्ताने. कारखान्यात दिवसभर दुसऱ्याचं काम तपासणारा माणूस घरी आल्यावर काही वेगळा होत नाही. रबरबँडने कडा कापल्या जातात म्हणून त्यांनी आईच्या जुन्या एप्रनच्या पट्ट्या फाडल्या आणि दर वर्षाचा गठ्ठा त्या पट्टीने बांधायला शिकवलं. पाकिटातल्या यादीच्या कार्डावर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढचे ते बारीक चौकोन भरायचे ते पेन्सिलीने, आणि कार्ड प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय खूण करायची नाही. उद्या मिळणार आहे, शाळेतला रॉनी देतो म्हणालाय, असलं काही चालायचं नाही. तुम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकी जुळवून बसायचात आणि मी भांडी पुसत बघायचे. मला हेवा वाटायचा, हे आज पहिल्यांदाच कबूल करते.

आणि मग तो नियम. आठवतो ना? कार्डं छापायची हिवाळ्यात आणि खेळाडूंची अदलाबदल व्हायची वसंतात, त्यामुळे दरवर्षी एखाददुसरा पठ्ठ्या असा निघायचा की कार्डावर डोक्यात आपली टोपी, पण माणूस केव्हाच बाल्टिमोरला नाहीतर बोस्टनला गेलेला. तू म्हणायचास, कार्डावर टायगर्स छापलंय, तर तो टायगरच. बाबा म्हणायचे, "जो गेला तो आपला नाही," आणि कार्ड गठ्ठ्यातून काढून सिंकखालच्या कचऱ्याच्या बादलीत टाकायचे. उलट एखादा दुसरीकडून आपल्याकडे आला, आणि कंपनीने त्याच्या जुन्या टोपीवर आपली टोपी इतकी गचाळ रंगवली की बिचाऱ्याच्या डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखं दिसावं, तरी तो बाबांना लगेच चालायचा. यावरून तू एकदा भर जेवणात जे भांडलास! बाबांनी पिरोगीचं भांडं तुझ्यापासून लांब ओढलं होतं. बादलीत पहिल्यांदा तो डावखुरा पिचर गेला तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. त्या रात्री तू अनवाणी खाली गेलास आणि बटाट्याच्या सालींतून त्याला बाहेर काढलंस. मी जिन्यावर होते. मी कोणाला सांगितलं नाही. पुढे दर वेळी तू तेच करत गेलास आणि ती सगळी कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत गेलास.

एकोणसत्तर साली लष्कराचं बोलावणं आलं आणि तू जाणार नाही म्हणालास. तेव्हा बाबांनी त्याच टेबलावर हात ठेवून तेच वाक्य उच्चारलं. जो गेला तो आपला नाही. लढाईत स्वतः दोन वर्षं काढून आलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार, असं आई म्हणायची, पण ते ऐकताना मला बादलीचं झाकण दिसलं होतं आणि तुलाही दिसलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नदी ओलांडून गेलास. सगळे गठ्ठे कपाटात तसेच होते. फक्त बिस्किटांचा डबा नव्हता. तुझ्या विंडसरच्या खोलीत शेगडीवरच्या फळीवर तो मी पहिल्याच भेटीत पाहिला. तू त्याबद्दल बोलला नाहीस, म्हणून मीही नाही बोलले. आपल्या घरात हे एक फार चांगलं जमतं.

मी तुझ्याकडे येते हे बाबांना माहीत नाही, असं आम्ही दोघं आठ वर्षं धरून चाललो आहोत. मी म्हणते मैत्रिणीकडे, क्रिस्तिनाकडे चालले. ते म्हणतात बरं. आणि रविवारी सकाळी फ्रिजमध्ये सॉसेज दोन माणसांना पुरून उरेल इतकं असतं, वर कागदात बांधलेलं. क्रिस्तिनाला आवडतं ना, ने, म्हणतात. क्रिस्तिना चार वर्षांपूर्वी शिकागोला राहायला गेली. निरोपाच्या जेवणाला बाबा स्वतः हजर होते.

आई गेली तेव्हा तुला इकडे येता आलं नाही, आलास तर पकडतील म्हणून. तिच्या दफनाच्या वेळी तू पलीकडच्या काठावर थंडीत दोन तास उभा होतास, हे तू मला वर्षभराने सांगितलंस. मी ते त्याच संध्याकाळी बाबांना सांगून टाकलं, क्रिस्तिनाचं सोंग बाजूला ठेवून. ते उठले. फावडं घेऊन दारातला बर्फ काढायला गेले. बर्फ फारसा नव्हताच, तरी तासभर खरवडत राहिले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

बाबा शरद ऋतूत निवृत्त झाले आणि घरात बसून बसून माझं डोकं खायला लागले, म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांना स्वयंपाकघर रंगवायला लावलं. ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आदला, पोंचकीचा मंगळवार होता, सकाळी दोघांनी मिळून आठ तळलेल्या गोड पोंचकी हाणल्या होत्या आणि हालचाल करणं भाग होतं. कपाट रिकामं करताना तुझे गठ्ठे हाताला लागले, आणि त्यांच्यामागे आणखी आठ. एकोणसत्तरपासून गेल्या वर्षापर्यंतचे. झिगी, सगळे एप्रनच्या पट्टीने बांधलेले. यादीच्या कार्डांवर प्रत्येक चौकोनात बाबांची ती खूण, कारखान्यात तपासलेल्या मालावर करायचे तशी, खाली शेपूट असलेली. पेल्काबाईंना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, दर वसंतात येतात की, आम्हाला वाटलं तुला मूल झालंय आणि तू लग्नाचं लपवते आहेस. हे गावात आठ वर्षं पसरलेलं असणार. माझं लग्न का जमत नाही ते आता कळलं.

मी ते गठ्ठे उघडून पाहिले. बदली होऊन गेलेले सगळे त्यात होते. एकालाही काढलेलं नव्हतं. मी पट्ट्या पुन्हा होत्या तशा बांधल्या आणि भिंतीला दुसरा हात मारायला घेतला.

काल सकाळी बाबा रविवारचा कोट घालून तयार, म्हणे मला गाडीने ट्रॉय गावात सोड. तिथे एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्डवाल्यांचा मेळा होता. तुला खरं वाटणार नाही, टक्कल पडलेले, पोटं सुटलेले बाप्ये टेबलांमागे खोकी मांडून बसलेले आणि एकमेकांना "आहे, आहे, नाही" करत होते, अगदी शाळेच्या कुंपणापाशी करायचे तसंच. बाबांनी खिशातून नावं लिहिलेला कागद काढला आणि एका दाढीवाल्याला विचारलं, टायगर्स सोडून गेलेल्यांची कार्डं कुठल्या खोक्यात? त्याला कळेचना. बाबा चिडले. त्याला सांगायला लागले की हा बाल्टिमोरला गेला, हा बोस्टनला, मग ही कार्डं कुठे ठेवता तुम्ही? तो हसून म्हणाला, "काका, कार्डावर ज्या टीमचं नाव छापलंय, त्याच टीमचा तो. पुढे कुठे का जाईना." आणि त्याने टायगर्सचंच खोकं पुढे सरकवलं.

बाबा खोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मागे माणसं खोळंबली होती. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "झिगी हेच म्हणायचा."

मी आठ वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. मला तिथे रडायचं नव्हतं म्हणून मी शेजारच्या टेबलावरचा डॉजर्सचा एक कुरूप खेळाडू हातात घेऊन बघत बसले आणि दुकानदाराच्या भिडेने विकतही घेतला. तो तुला आणते आहे, नाही म्हणायचं नाही. इकडे बाबांनी खोक्यातली कार्डं एकेक करून काढली, कागदाशी ताडून पाहिली. तुझ्या जुन्या गठ्ठ्यांतून काढलेली अकरा हवी होती, अकराच्या अकरा मिळाली. दाढीवाल्याने ती कागदी पिशवीतही घातली. आणि बाबांनी ती पिशवी त्याला परत केली. नकोत म्हणाले. गाडीत मी विचारलं, अहो, इतक्या लांब आलो, सगळी सापडली, मग घेतली का नाहीत? तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ती आपली नव्हती.

आज चर्चहून आल्यावर त्यांनी तो कागद नव्याने, स्वच्छ उतरवून काढला आणि माझ्यासमोर ठेवला. त्याला पाठव, म्हणाले. त्याच्याकडे आहेत. मी विचारलं, तुम्हाला काय माहीत? ते म्हणाले, "सकाळी बादली मीच बाहेर न्यायचो, हाला. साली असायच्या, कार्डं नसायची." हे पत्र लिहायला मी बसले ती या कागदासाठी. तो सोबत जोडला आहे. वर्ष, क्रमांक, नाव आणि प्रत्येकापुढे पट्टीने आखलेला एक चौकोन. पहिलं नाव त्या डावखुऱ्या पिचरचं आहे. अगदी खाली एक ओळ आहे, तुला वाटेल मीच लिहिली, पण अक्षर नीट बघ, बाबांचंच आहे: "पोस्टाने पाठवू नये. कोपरे मोडतात. हाती आणून द्यावीत. ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी घरीच आहे." आता याला बोलावणं म्हणायचं की नाही ते तू ठरव, मी वचन दिलेलं आहे, मी काही बोलत नाही. त्या शनिवारी मी अंडी रंगवून, टोपली भरून चर्चमध्ये आशीर्वादाला नेणार आहे आणि बाराच्या आत परत येईन. टेबलाचा नवा रंग वाळला आहे. अकराही चौकोन कोरे आहेत, कारण हातात आल्याशिवाय खूण करायची नाही, आणि पेन्सिल बाबांनी आत्ताच टोक काढून ठेवली.

तुझीच,
हाला