कॅमेऱ्यातला परका आवाज

पेडगाव, १२ जून २०२५

चि. सुगत यास,
अक्काचा जयभीम आन् लय आशीर्वाद.

फोनवर सांगायची छाती झाली न्हाई. तिथं बी कोणी ऐकायलं असंल असं वाटायलंय, म्हणून पत्र टाकलंय. आमी दोघं शेतात असलो की पिंकीवर नजर राहावी म्हणून तू घरात कॅमेरा बसवलास. त्यातून तू तिच्याशी बोलतोस बी. परवा दुपारी ती एकटी होती. कॅमेऱ्यातून आवाज आला, पिंकी, मागचं दार उघड. तिला वाटलं, मामाच. तिनं उघडलं. बाहेर कोणीच न्हाई. मग कॅमेरा तिच्याकडं वळला आन् तो माणूस हसाया लागला. पोरगी अनवाणी पळत शेतात आली. तुझ्या दाजींनी सगळ्या वायरी उपटल्या.

तो तू नव्हतास, हे मला ठाऊक हाय. तरी लिहून कळव.

माया हायच, तशीच राहू दे.
तुझी अक्का, केशर


पुणे, १८ जून

ती. अक्कास व दाजींना सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. तो मी नव्हतो, अक्का.

तुमच्या इंटरनेटच्या डब्यात फायरवॉल आहे, म्हणजे परक्याला आत न येऊ देणारी राखण. तिच्यात फटी सापडत राहतात, त्या बुजवायला कंपनी अपडेट पाठवते. दीड वर्षापूर्वी डबा बसवताना, ते पहाटे आपोआप बसावेत असं मी लावून दिलं होतं. काल दाजींशी बोललो तेव्हा कळलं, शॉर्टसर्किटच्या धाकानं ते रोज झोपताना मेन स्विच पाडतात. डबा बंद, तर अपडेट बसणार कुठून? दीड वर्ष घर उघडंच होतं!

वायरी जोडू नका. रविवारी येतो, पोलिसांतही जाऊ. पिंकीचं काही चुकलं नाही, तिला रागावू नका.

तुमचाच, सुगत


पेडगाव, ६ जुलै

ती. मामांना पिंकीचा जयभीम.

अपडेट आता दुपारी येतात. शाळेतून आले की मी बघते, परवाचा नीट बसला. पासवर्ड आमा तिघांनाच ठाऊक हाय. पोलिसांचा निरोप अजून न्हाई.

त्या माणसाला माझं नाव कसं कळलं, असं मी विचारलं तेव्हा तुमी कॅमेऱ्याचे स्क्रू काढाया लागलात. तुमी गेल्यावर आईच म्हणाली, आपण दिवसभर घरात हाका मारतो, त्या तो ऐकत असंल. तवापासून ती मला हाक मारत न्हाई. हात लावून उठवते, जेवायला खुणेनं बोलावते. कॅमेरा तुमी काढून नेलात, तरी बी. काल मी मुद्दाम गोठ्यात लपले. तिनं सगळं घर धुंडाळलं, रडली, पण हाक मारली न्हाई.

मामा, तुमी येऊन तिला सांगा. लोभ असू द्या.

तुमची,
पिंकी