गालाला कळणारा दिवा

३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं नेपथ्य उभं राहिलं. घर, खिडकी, तीन पायऱ्या, सगळं नेटकं. मी नवे एलईडी दिवे टांगले आणि त्याच दिवसापासून आईचं बिनसलं. शेवटच्या स्वगताला ती प्रकाशाच्या दोन पावलं अलीकडेच थांबते. तोंडावर अंधार! चार तालमी अशाच गेल्या. दिग्दर्शक म्हणाले, शनिवारपर्यंत जमलं नाही तर भूमिका दुसरीला देऊ. काल मी सगळ्यांदेखत आईवर ओरडले. ती एवढंच म्हणाली, दिवे तू बदललेस, मी नाही.

मामा, माझं अंग आंबून गेलंय. तुमच्या पायऱ्या दोन पावलं पुढे सरकवू का? तुम्ही घरीच राहून दुखरा गुडघा सांभाळा.

तुमची थकलेली,
भाची

५ मार्च

चि. विजेबाईस,
अनेक आशीर्वाद.

पायऱ्यांना हात लावशील तर याद राख! ताईला दोन वर्षांपासून नीट दिसत नाही. कुणाला सांगणार नाही अशी तिने माझ्याकडून शपथ घेतली होती. ती आज मोडतोय. पायऱ्या तीनच, कारण ती मोजून उतरते. कडेला सुतळी ठोकली आहे ती शोभेला नव्हे, तिच्या तळपायांसाठी. पुढची जागा तिला विंगेतला जुना दिवा सांगायचा. डाव्या गालाला ऊब लागली की थांबायचं. तुझे नवे दिवे थंडगार.

तुम्ही शिकलेली माणसं खुर्चीत बसून रंगमंच बघता. अगं, प्रेक्षक दोन तास बघतो, नट तिथे राहतो! नेपथ्य हे त्याचं घर आणि प्रकाश हे त्या घरातलं ऊन. घरच्याच माणसाला चाचपडायला लावणारी शोभा काय चाटायची? एकदा डोळे मिटून तिथे उभी राहा.

रागावला तरी तुझाच,
मामा

८ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

डोळे मिटून उभी राहिले. गालाला काहीच कळलं नाही. रडू आलं.

अडगळीतून जुना हॅलोजन काढला, विंगेत लावला. त्याचा पिवळेपणा माझ्या निळसर पहाटेत उपरा दिसायला लागला, म्हणून अख्खा प्रवेशच संध्याकाळचा केला. तीन महिने जपलेली पहाट गेली. शनिवारी आई पायऱ्या उतरली, चालली, गाल किंचित वळवला आणि थांबली. पूर्ण उजेडात! दिग्दर्शक म्हणाले, बाईंना सूर सापडला, भूमिका त्यांचीच. दिवा का लावला ते मी कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही.

माया पातळ होऊ देऊ नका.

भाची

११ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

शपथ मोडलीस ना, चहाडखोरा? गाल तापला तेव्हाच समजले. पोरगी गप्प, मीही गप्प. चार तालमी अंधारात उभी राहिले ती हट्टाने नाही रे. सांगायचं त्राणच नव्हतं.

भूमिका राहिली, बरं वाटलं. पण दमले आता. पंचवीस प्रयोग करीन आणि आपणहून उतरेन, कुणी उतरवण्याआधी. तिला तूच कळव, माझ्या तोंडून निघायचं नाही. आणि तो दिवा मात्र काढू नको म्हणावं. पुढच्या बाईचे डोळे चांगले असतील, पण गाल तिलाही आहेच.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई