चौथ्या पानावरची सही

३ जानेवारी १९७४
लंडनहून फॉर्म आला. पाकीट ब्लेडने उघडलं, कारण ते जपून ठेवायचं आहे. यंदाचा संकल्प एकच: लंडनच्या इंजिनिअरांच्या इन्स्टिट्यूशनचं सभासदत्व. सभासदत्वाची अक्षरं नावापुढे लागली की कुवेतची असिस्टंट इंजिनिअरची जागा. तिथल्या अर्जाची मुदत ३१ मे. भरपूर वेळ आहे.
माझी ए.एम.आय.ई., म्हणजे आपल्याकडची डिग्रीच्या तोडीची इंजिनिअरिंगची परीक्षा, दोन्ही सेक्शन पास आहे. सहाव्या प्रयत्नात, पण प्रमाणपत्रावर प्रयत्न छापत नाहीत. तरी लंडन म्हणतं, तुमची पात्रता आम्ही तपासू. का? खोपोलीचं पाणी काय वेगळ्या तापमानाला उकळतं? या मुद्द्यावर हिच्यापुढे अर्धा तास बोललो. ही बिरड्याचे वाल सोलत होती. शेवटी म्हणाली, अहो, फॉर्म भरणार आहात की त्याला नुसतं सुनावणार आहात?
हिला तत्त्व कळत नाही. फॉर्म ट्रंकेत ठेवला.

८ जानेवारी
मिलमध्ये इंग्रज आला. नाव ब्रॅडशॉ. पन्नाशीचा, लाल नाक, हातात टिफिनएवढी पेटी. आमच्या पुठ्ठ्याच्या मिलने इंग्लंडहून ड्रायर मागवला आहे. वाफेने तापणारे बारा लोखंडी रोल. ओला पुठ्ठा एका बाजूने घालायचा, दुसऱ्या बाजूने कोरडा निघतो. तो सुरू करून द्यायला हा आलाय. मॅनेजर म्हणाले, घारे, तुम्ही यांच्या हाताखाली राहा.
हाताखाली!
मी काही बोललो नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

८ जानेवारी, संध्याकाळी
कॅन्टीनच्या बाकावर उभा राहून चाळीस मिनिटं बोललो. फ्रान्सच्या राज्यक्रांतीपासून सुरुवात केली, अमेरिकेवरून खोपोलीत उतरलो. सारांश: त्यांना आमचा कागद चालत नसेल तर आम्हाला त्यांचा चालणार नाही. या गृहस्थांची पात्रता आपल्याकडच्या कुठल्या पात्रतेच्या तोडीची आहे हे दिल्लीच्या शिक्षण खात्याने लेखी कळवेपर्यंत त्यांनी ड्रायरला हात लावायचा नाही. टाळ्या प्रचंड. ठाकूरवाडीचा लडकू फिटर म्हणाला, मंग सायेब, तवर आमी काय करायचं? मी म्हणालो, विचार करा. तो विचार करायला आंब्याच्या सावलीत जाऊन आडवा झाला. आणखी तिघे त्याच्या मागोमाग विचार करायला गेले.
मॅनेजर नियमाला भितात. मी त्यांना नियमाचा क्रमांक आणि पोटकलम दोन्ही सांगितलं. असा नियम आहे का, हे सवडीने बघतो.

११ जानेवारी
ब्रॅडशॉ चिडेल अशी अपेक्षा होती. उत्तराचं भाषणही तयार होतं. तो म्हणाला, रास्त आहे, आमच्याकडेही हेच करतात. आपले कागद माझ्या हातात दिले आणि दिल्लीचं उत्तर येईपर्यंत माथेरानला निघून गेला. मिलच्या खर्चाने.
ही म्हणाली, म्हणजे तुम्ही त्याला सुट्टी मिळवून दिलीत. मी म्हणालो, लढ्यात शत्रूलाही थोडा आराम मिळतो.

१९ जानेवारी
दिल्लीला पाठवायला ब्रॅडशॉचे कागद आमच्या टायपिस्ट गजाकडून टाइप करून घेतले. आज विजयाचा दिवस. याला डिग्रीच नाही. पंधराव्या वर्षी कारखान्यात चिकटला, पुढे संध्याकाळचे वर्ग. मी गजाला म्हणालो, बघ, कागदावर मी याच्यापेक्षा वरचा आहे. गजा म्हणाला, घारेसाहेब, खालची ओळ वाचली का?
खालच्या ओळीत नावापुढे तीच अक्षरं आहेत. लंडनच्या इन्स्टिट्यूशनचा पूर्ण सभासद. एकवीस वर्षांपासून.
ठीक आहे. कोणीतरी असणारच.

२७ जानेवारी
ट्रंकेतून फॉर्म काढला. संकल्पाप्रमाणे तीन पानं एका बैठकीत भरली. चौथ्या पानावर अडलो. अर्जदाराचं काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका सभासदाची शिफारस आणि सही हवी. गजाला म्हणालो, चौकशी कर, असा सभासद आपल्याकडे कोण आहे. गजाने चौकशी केली नाही. म्हणाला, अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो सध्या माथेरानला घोड्यावर बसलाय.

३ फेब्रुवारी
तत्त्व वेगळं, शिष्टाचार वेगळा. नेरळहून छोट्या गाडीने माथेरानला गेलो. ब्रॅडशॉला माझी भूमिका मोकळ्या मनाने समजावून दिली. दीड तास. त्याने चहा दोनदा मागवला. मग फॉर्म पुढे केला. म्हणाला, आनंदाने लिहीन, पण मिस्टर घारे, मी तुमचं काम पाहिलंय कुठे? ड्रायर चालू करू या, काम करा, मी बघतो.
ड्रायर चालू करायचा तर माझी मागणी मला मागे घ्यावी लागेल. माणूस दिसतो तेवढा साधा नाही.
परतीच्या गाडीत निश्चय केला: मागे हटायचं नाही. दिल्लीला स्मरणपत्र.

२२ फेब्रुवारी
दिल्लीचं उत्तर आलं. चार ओळी. परदेशी सभासदत्वाचा विचार आम्ही तेव्हाच करतो, जेव्हा त्या देशाने आपल्या एखाद्या इंजिनिअरची पात्रता मान्य केल्याचा पुरावा जोडलेला असेल. कृपया पुरावा जोडावा.
तीनदा वाचलं. म्हणजे लंडनने मला मान्य करायला ब्रॅडशॉची सही पाहिजे. ब्रॅडशॉने सही द्यायला ड्रायर चालायला पाहिजे. ड्रायर चालायला दिल्लीने ब्रॅडशॉला मान्य करायला पाहिजे. आणि दिल्लीने त्याला मान्य करायला लंडनने मला मान्य करायला पाहिजे.
हिला हे कागदावर बाण काढून दाखवलं. ही म्हणाली, अहो, हा गोल कोणी काढला?
मी म्हणालो, साम्राज्यवादाने.

२६ फेब्रुवारी
ब्रॅडशॉ माथेरानला कंटाळून खाली आला. काल लडकूने त्याला आपल्या वाडीवर पोपटीला, मडक्यात भाजलेल्या शेंगा खायला नेलं. मला बोलावणं होतं, पण मी दिल्लीला उत्तर लिहीत होतो. गजा गेला होता. त्याचा अहवाल: वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, उपडं मडकं, भोवती जाळ. लडकूने मडक्यावर पाण्याचा थेंब टाकला, चर्र झालं तशी म्हणाला, झाली. इंग्रजाने विचारलं, कसं कळलं? लडकूने पुन्हा थेंब टाकून दाखवला. मग दोघं तासभर मडक्याभोवती उकिडवे बसून होते. एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला मराठी.
इकडे आंतरराष्ट्रीय प्रश्न पेटलाय आणि हे शेंगा खातायत.

४ मार्च
विश्वासघात. मी भाषणाच्या तयारीसाठी अर्धा दिवस रजा टाकली होती. तेवढ्यात ड्रायर चालू झाला. तपास केला. ब्रॅडशॉ स्टुलावर बसला होता, दोन्ही हात पँटच्या खिशात. सगळे व्हॉल्व्ह लडकूने फिरवले. रोल तापला की नाही, ते त्याने पाण्याचा थेंब टाकून ठरवलं. मी जाब विचारला. लडकू म्हणाला, सायेब, तुमी सांगलंत त्यानी हात लावायचा नाय. त्यानी नाय लावला. खिशातनं भायेरच नाय काढला बगा, चाय पन गजानी पाजली.
म्हणजे माझ्या मागणीचं तंतोतंत पालन झालं. हा नैतिक विजय आहे. पुठ्ठाही कोरडा निघाला, पण तो मुद्दा गौण.

१२ मार्च
ब्रॅडशॉ उद्या जातो. आज त्याने मॅनेजरला लेखी दिलं की ड्रायरचा ताबा लडकूकडे असावा. मॅनेजरने तसा हुकूम काढलासुद्धा. माझ्या फॉर्मचं चौथं पान भरून दिलं, उघडंच. त्यात पाच वाक्यं आहेत. मिस्टर घारे यांना मी नऊ आठवडे ओळखतो. ते प्रामाणिक आहेत. तत्त्वाला पक्के आहेत. त्यांच्याइतका चांगला वक्ता मी ऐकलेला नाही. त्यांच्या इंजिनिअरिंगबद्दल मला काही सांगता येत नाही, कारण नऊ आठवड्यांत मला ते दिसलं नाही.
खाली सही. अक्षरांसकट.

१३ मार्च
शांतपणे विचार केला. पाचपैकी तीन वाक्यं स्तुतीची, एक तटस्थ, एक विरोधात. स्पष्ट बहुमत आहे. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. ही म्हणाली, पाठवू नका. मी म्हणालो, लंडनला लोकशाही कळते.

२ एप्रिल
कुवेतमध्ये लाकडी पलंग न्यावा की तिथे घ्यावा, यावर हिच्याशी चर्चा काढली. ती उठून आमटी बघायला गेली.

६ मे
लंडनचं उत्तर आलं. भाषा सभ्य आहे, हे मान्य केलं पाहिजे. तुमची परीक्षा आम्हाला मान्य आहे, असं पहिलंच वाक्य. म्हणजे जानेवारीपासून ज्यासाठी लढलो ते त्यांनी न भांडता दिलं. पुढे लिहिलंय: मात्र प्रत्यक्ष कामाचा पुरावा अपुरा आहे. अर्जदाराने सहा महिने यंत्रावर काम करून रोजची नोंदवही ठेवावी, आणि प्रत्येक पानावर त्या यंत्राच्या प्रमुखाची सही घ्यावी. प्रमुखाच्या पात्रतेची अट नाही.
सहा महिने. कुवेतची मुदत ३१ मे.
पत्र हिच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं.

७ मे
नवी वही घेऊन ड्रायरवर गेलो. लडकू रोल पुसत होता. त्याला सगळं सांगितलं. थोडक्यात. बहुतेक पहिल्यांदाच. म्हणालो, लडकू, रोज एक सही पाहिजे, तुझी.
त्याने हात पुसले, वही उलटीसुलटी करून बघितली. म्हणाला, दीन की सायेब. सही येतं मला, गजानीच शिकवली. पन डोल्यांनी पायलं पायजे. उंद्या सातला या. आनि डबा घिऊन या, दुपारचं घरी जायाला नाय भेटनार.

८ मे
सात वाजता गेलो. व्हॉल्व्ह उलटा फिरवला. लडकूने सही केली नाही.